खताचं पोतं, आतली पन्नी आणि मधली सीमा

वर्धा जिल्ह्यात उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, झाली की शेतात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उभी राहते आणि घरात खताची रिकामी पोती साचतात. युरियाचं पोतं पूर्वी 50 किलोचं होतं, 2018 पासून 45 किलोचं झालं. घडण मात्र तीच राहिली. बाहेरचं कापड चपट्या पट्ट्यांनी विणलेलं असतं. या पट्ट्या बहुधा पॉलिप्रोपिलीनच्या म्हणजे पीपीच्या असतात आणि धंद्यात त्यांना राफिया म्हणतात. काही पोत्यांचं कापड एचडीचं, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिथिनचं असतं, आणि जुनं, उन्हात तापलेलं कापड हातात घेऊन ते कोणतं हे सांगणं कठीण जातं. खताला ओल लागू नये म्हणून आत पॉलिथिनची पन्नी असते. ती तोंडाशी पोत्याबरोबरच शिवलेली असते. काही पोत्यांना पन्नीऐवजी कापडावरच लेप दिलेला असतो आणि त्या लेपातही पॉलिथिन मिसळलेलं असतं. पन्नी ओढून काढता येते, लेप निघत नाही. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडतानाच हे पोतं दोन प्लास्टिकांचं मिश्रण असतं. प्लास्टिकच्या पुनर्वापराचं काम करणाऱ्याची गाठ शुद्ध मालाशी क्वचित पडते. रोज हातात येतो तो असा माल. माझं म्हणणं असं की ही दोन प्लास्टिकं वेगळी होत नसतील तर ती नुसती एकत्र वितळवून दाणा पाडणं म्हणजे चांगल्या मालाची माती करणं आहे. त्यांच्यामधल्या सीमेवर काम करणारा कंपॅटिबिलायझर घालणं तंत्राने आणि हिशेबानेही योग्य आहे, फक्त तो कोणत्या जोडीसाठी घालतो आहोत आणि त्याचा गुण कोणत्या चाचणीत दिसतो, हे आधी कळलेलं असलं पाहिजे.

पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलीन ही जवळची भावंडं आहेत, त्यामुळे ती सहज एकजीव होतील असं वाटतं. दोघांतही कार्बन आणि हायड्रोजनच. दोन्ही पाण्यावर तरंगतात: पीपीची घनता 0.90 च्या आसपास, पॉलिथिनची साधारण 0.91 ते 0.96. धुलाईच्या टाकीत बाटलीचं पीईटी किंवा पाइपचं पीव्हीसी तळाशी बसतं, कारण त्यांची घनता 1.3 च्या वर असते. ही दोघं मात्र वर एकत्रच राहतात आणि टाकी त्यांना वेगळं करत नाही. पण वितळवून घुसळल्यावर हीच दोघं एकमेकांत विरत नाहीत. याचं कारण साखळीच्या लांबीत आहे. लहान रेणूंचे दोन द्रव एकत्र केले की प्रत्येक रेणूला फिरायला मोकळी जागा मिळते आणि त्या मोकळेपणाच्या ओढीने ते मिसळतात. प्लास्टिकच्या साखळीत हजारो दुवे एकमेकांना बांधलेले असतात. त्यांना सुटं फिरता येत नाही, त्यामुळे मिसळण्याची ती ओढ जवळजवळ संपते. मग दोन साखळ्यांमध्ये परकेपणा अगदी थोडा असला तरी तो भारी पडतो. पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स यांनी 1941 साली, स्वतंत्रपणे, हा हिशेब मांडला. फ्लोरींना 1974 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. प्लास्टिकच्या बहुतेक जोड्या अशा न जुळणाऱ्याच असतात. पॉलिस्टायरीन आणि पॉलिफेनिलीन ऑक्साइड यांसारख्या पूर्ण एकजीव होणाऱ्या जोड्या मोजक्या आहेत.

न जुळणाऱ्या मिश्रणात जे प्लास्टिक कमी असतं त्याचे थेंब होतात आणि जास्त असलेल्यात ते पसरून राहतात. माल थंड झाला की थेंबही तिथेच घट्ट होतात. वरून पाहिलं तर दाणा एकसारखा दिसतो, चमकही बरी असते. खरी स्थिती मोडल्यावर कळते. अशा दाण्याची पट्टी ओढून दुमडली की दुमडीवर पांढरी रेघ उमटते आणि नखाने खरवडलं तर कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. साच्यात ज्या तोंडातून माल आत शिरतो त्या जागेजवळ तर वरची साल अलगद उचलली जाते. प्रयोगशाळेत हाच तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये थिजवून मोडतात आणि मोडलेला पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. तिथे गुळगुळीत गोळे दिसतात आणि त्यांच्या शेजारी तितकेच गुळगुळीत रिकामे खळगे. खळग्यातला गोळा मोडताना दुसऱ्या अर्ध्या तुकड्याबरोबर निघून गेलेला असतो. त्याच्या अंगावर ओढल्याची एकही खूण नसते, म्हणजे भेग गोळ्यातूनही गेली नाही आणि भोवतालच्या प्लास्टिकमधूनही नाही; ती दोघांच्या मधून गेली. दोन्ही प्लास्टिकं आपापल्या जागी मजबूत होती. नवं पॉलिथिन किंवा नवं पीपी वेगवेगळं ओढलं तर तुटण्याआधी ते मूळ लांबीच्या कित्येक पट ताणतं, आणि दोघांचं मिश्रण थोड्याशा ताणातच तुटतं. ताकद गेली ती सीमेवर. या विषयातला पुढचा सगळा विचार या एका निरीक्षणावर उभा राहतो, म्हणून मी त्यावर इतका थांबलो.

कंपॅटिबिलायझर नेमका या सीमेवर जाऊन बसतो. त्याच्या साखळीचा एक भाग पॉलिथिनच्या जातीचा असतो, दुसरा पीपीच्या. एक टोक इकडच्या साखळ्यांत गुंततं, दुसरं तिकडच्या, आणि थंड होताना दोन्हीकडच्या स्फटिकांत अडकून राहतं. त्याचे परिणाम तीन आहेत. सीमेवरचा ताण घटतो आणि मोठे थेंब फुटून बारीक होतात. फुटलेले थेंब एक्स्ट्रूडरच्या, म्हणजे माल वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्राच्या, पुढच्या भागात पुन्हा एकमेकांत मिसळत नाहीत. आणि ओढल्यावर सीमा धरून राहते. पॉलिथिन आणि पीपी यांच्या सीमेवरचा ताण मुळातच कमी असतो, त्यामुळे या जोडीत पहिल्यापेक्षा उरलेले दोन फायदे मोठे. अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांच्या संशोधकांनी, त्यांत जेफ्री कोट्स आणि फ्रँक बेट्स होते, 2017 साली सायन्स नियतकालिकात याचा सर्वात स्वच्छ पुरावा दिला. पॉलिथिन आणि पीपीचे आलटून पालटून चार खंड जोडलेली साखळी त्यांनी बनवली. ती फक्त एक टक्का घातल्यावर ठिसूळ मिश्रण चिवट झालं. मिनेसोटातल्याच एका गटाने 2000 साली आणखी एक गोष्ट दाखवली होती: जुन्या पद्धतीच्या उत्प्रेरकांनी बनवलेल्या मालात आखूड, विस्कळीत साखळ्या सीमेवर जमा होतात आणि जोड कच्चा ठेवतात. आपल्या भंगारात येणारा बराचसा माल याच जुन्या पद्धतीचा असतो, म्हणून आपल्याकडे सीमेची दुखणी जास्त.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कंपॅटिबिलायझर घातला की दोन प्लास्टिकांचं एक प्लास्टिक होतं, असं विक्रेते आणि काही कारखानदारही बोलतात. तसं होत नाही. असा दाणा हळूहळू तापवून त्याचा उष्मालेख काढला तर वितळण्याची शिखरं आधीसारखीच वेगवेगळी येतात: पन्नीच्या पॉलिथिनचं 110 ते 125 अंशांच्या दरम्यान आणि पीपीचं 160 च्या वर. दोन घरं तशीच राहतात, त्यांच्यामधला सांधा तेवढा पक्का होतो. त्यामुळे गुण कुठे दिसेल हेही ठरून जातं. ताठपणा आणि सुरुवातीची ओढ-ताकद फारशी वाढत नाही. रबरी जातीचा कंपॅटिबिलायझर असेल तर ताठपणा उलट उतरतो. वाढतं ते तुटेपर्यंतचं ताणणं आणि आघात सोसण्याची शक्ती, म्हणजे आयझॉड चाचणीतला आकडा. नुसती ओढ-ताकद मोजून कंपॅटिबिलायझर निरुपयोगी ठरवणारा अहवाल म्हणूनच चुकीच्या जागी पाहतो. बाजारात तर दाणा रंग आणि एमएफआय यांवरच विकला जातो. एमएफआय म्हणजे ठरावीक वजनाखाली वितळलेला माल किती वाहतो त्याचं माप. 2.16 किलोच्या वजनाखाली पॉलिथिनसाठी ते 190 अंशांवर घेतात आणि पीपीसाठी 230 वर. मिश्र दाण्याच्या पोत्यावर तापमान न लिहिता एमएफआय लिहिला असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही, आणि अर्थ असला तरी सीमेबद्दल तो काहीच सांगत नाही. तो माल बादली म्हणून टिकेल की पहिल्याच आपटण्यात फुटेल, हे एमएफआयमध्ये लिहिलेलं नसतं.

पुढचा प्रश्न कोणता कंपॅटिबिलायझर घ्यायचा हा, आणि आपल्या भागात सर्वात जास्त पैसा इथेच वाया जातो. सहज मिळतो तो मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेला पीपी. तो उत्तम माल आहे, पण त्याचं सामर्थ्य रासायनिक आहे. नायलॉनच्या साखळीच्या टोकाला अमाइन गट असतो. अ‍ॅनहायड्राइड त्याच्याशी बंध जुळवतो आणि एक्स्ट्रूडरच्या आतच पीपी-नायलॉनची जोडसाखळी तयार होते. खाद्यतेलाच्या अनेक पिशव्यांत पॉलिथिनच्या थरांमध्ये नायलॉनचा थर असतो. त्या मालाला याच जातीचा, पण पॉलिथिनवर जोडलेला कंपॅटिबिलायझर लागतो. पोत्याच्या मालात मात्र पॉलिथिन आणि पीपी दोघांकडेही बंध घेणारा गट नाही. तिथे अ‍ॅनहायड्राइडला जोडीदारच नसतो आणि पीपीचा महाग दाणा उगाच खर्ची पडतो. पोत्याला लागतो तो इथिलीन-प्रोपिलीनचा किंवा इथिलीन-ऑक्टीनचा सहबहुलक, ज्याला दोन्हीकडची ओळख असते. आणखी एक बाब खताच्या पोत्यालाच लागू आहे. शिवणीत आणि पन्नीच्या घड्यांत युरियाचे कण राहतात. युरिया 133 अंशांच्या आसपास वितळतो आणि त्यापुढे फुटून अमोनिया सोडतो. पोत्याच्या मालात नायलॉनची पन्नी मिसळली असेल आणि अ‍ॅनहायड्राइडचा कंपॅटिबिलायझर घातला असेल तर हा अमोनिया नायलॉनच्या आधी अ‍ॅनहायड्राइडशी जुळतो. ओलावाही अ‍ॅनहायड्राइडला अशीच बाधा आणतो. न धुतलेल्या, न वाळवलेल्या मालात हे रसायन सीमेवर पोहोचण्याआधीच संपतं, आणि मग दोष त्याच्या नावावर लिहिला जातो.

यावरचा पहिला आक्षेप वजनदार आहे: आधी वेगळं करा, म्हणजे कंपॅटिबिलायझर लागणारच नाही. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. शुद्ध राफियाचा दाणा कोणत्याही मिश्र दाण्यापेक्षा चांगला, आणि सैल पन्नी हाताने ओढून काढण्याला पर्याय नाही. पण वेगळं करण्याला मर्यादा आहे. लेप निघत नाही. पाण्याची टाकी या दोघांपुढे हतबल आहे. अवरक्त किरणांनी ओळखणारी यंत्रं मोठ्या शहरांत येत आहेत, पण काजळी घातलेलं काळं प्लास्टिक ती किरणं शोषून घेतं आणि यंत्राला दिसत नाही. पुलगाव, देवळी किंवा हिंगणघाटच्या भंगार दुकानात असं यंत्र येईपर्यंत थांबायचं, तर तोवरची सगळी पोती नाल्यात किंवा चुलीत जाणार. म्हणून वर्गीकरण आणि कंपॅटिबिलायझर यांना मी एकमेकांचे विरोधक मानत नाही. जितकं वेगळं होतं तितकं करावं. जे उरतं त्यावर कंपॅटिबिलायझर लावावा. उरलेल्या मालात दुसऱ्या प्लास्टिकचं प्रमाण जितकं कमी, तितका कंपॅटिबिलायझरही कमी लागतो. वर्गीकरणाची मेहनत अशी दोनदा कामी येते.

दुसरा आक्षेप भावाचा. कंपॅटिबिलायझरचा किलो रिप्रोसेस दाण्याच्या किलोपेक्षा कित्येक पट महाग पडतो, आणि रबरी जातीचा माल पाच ते दहा टक्के घालावा लागतो. एक टक्क्यात काम करणारी चार खंडांची साखळी प्रयोगशाळेतली आहे. ती आपल्या बाजारातल्या मालासारखी पोत्याने मिळत नाही. हे खरं असूनही हिशेब इथे संपत नाही, कारण तुलना दाण्याच्या भावाशी न करता दाण्यापासून काय बनतं त्याच्या भावाशी करायला हवी. ठिसूळ मिश्र दाण्याची जागा जाड भिंतीच्या, कमी किमतीच्या वस्तूंतच असते; चिवट दाणा पातळ भिंतीच्या वस्तूत जातो आणि तितक्याच किलोत जास्त नग निघतात. शिवाय एक स्वस्त वाट आहेच. रंगाच्या बादल्या आणि खुर्च्या ज्या पीपीसीपीच्या, म्हणजे पीपीच्या सहबहुलकाच्या असतात, त्यात आघात सोसण्यासाठी इथिलीन-प्रोपिलीनचं रबर कारखान्यातच तयार झालेलं असतं. असं भंगार पोत्याच्या मालात मिसळलं तर ते काही अंशी कंपॅटिबिलायझरचंच काम करतं. विकतच्या मालाइतकी त्याची धार नाही, पण विकतचा माल कमी लागेल इतकं ते निश्चित करतं. कायद्याचंही पाठबळ आता आहे: फेब्रुवारी 2022 च्या केंद्राच्या नियमांनी पॅकेजिंगमध्ये पुनर्वापरित प्लास्टिकचा ठरावीक हिस्सा सक्तीचा केला, लवचिक पॅकेजिंगसाठी 2025-26 पासून 10 टक्के आणि पुढे वाढत 20 टक्के. पातळ, लवचिक मालात ठिसूळ दाणा चालतच नाही.

आता पऱ्हाटीकडे. गुलाबी बोंडअळीच्या 2017 च्या हल्ल्यानंतर फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरचं लांबवलेलं पीक, घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत उपटून शेताबाहेर काढा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. ती बरीचशी जळते, काही चुलीत, काही बांधावर. आयसीएआरच्या मुंबईतल्या कापूस तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे सिरकॉटने, पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचं काम पूर्वीच केलं आहे. पऱ्हाटीचा भुसा पीपीत मिसळून फळ्या आणि पट्ट्या करणं हे त्याच्या पुढचं पाऊल, आणि इथे अ‍ॅनहायड्राइडच्या कंपॅटिबिलायझरला त्याचा खरा जोडीदार मिळतो. पऱ्हाटीतलं सेल्युलोज हायड्रॉक्सिल गटांनी भरलेलं असतं. नुसता भुसा घातला तर पीपी ताठ होतं, पण ओढ-ताकद घटते, कारण भुशाचा प्रत्येक तुकडा सीमेवर सुटा राहतो आणि पाणीही त्याच फटीतून आत शिरतं. तीन ते पाच टक्के अ‍ॅनहायड्राइड जोडलेला पीपी घातला की ताकद चढते आणि पाणी पिणं कमी होतं. पीपी 165 अंशांच्या आसपास वितळतं आणि सेल्युलोज 200 च्या पुढे करपायला लागतं, त्यामुळे ही जोडी तापमानातही बसते. नायलॉनसारखं 220 ला वितळणारं प्लास्टिक इथे चाललं नसतं. पीपी आणि कापूस यांच्यातला परकेपणा या जिल्ह्याला दुसऱ्या बाजूनेही परिचित आहे. वेचणीचा कापूस खताच्या पोत्यात भरला की पट्टीचे धागे त्यात जातात, जिनिंगमधून सूतकताईपर्यंत पोहोचतात, आणि कापड रंगवल्यावर पांढरे ठिपके होऊन दिसतात, कारण कापसाला रंग लागतो आणि पीपीला लागत नाही. पोतं शेतातून लवकर भंगारात गेलं पाहिजे, त्याचं हेही एक कारण.

इतका खटाटोप कशाला, हे प्लास्टिक डांबरी रस्त्यात घाला किंवा शेजारच्या चंद्रपूरच्या सिमेंट भट्ट्यांना द्या, असंही म्हणतात. मदुराईच्या राजगोपालन वासुदेवन यांनी खडीवर प्लास्टिकचा लेप देऊन रस्ते करण्याची पद्धत रूढ केली, आणि जो माल खरंच कशातच बसत नाही त्याला ती वाट योग्य आहे. पण पोत्याचं कापड हा कचऱ्यातला सर्वात चांगला माल आहे, ओढून ताठ केलेल्या पट्ट्यांचा. तो जाळला की एकदाच उष्णता मिळते आणि विषय संपतो. याहून खोल आक्षेप वर्ध्याचा स्वतःचा आहे. 1934 साली इथेच मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला आणि गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी निसर्गाकडून परत न येणाऱ्या साधनांवर चालणारी अर्थव्यवस्था टिकत नाही, ही मांडणी केली. त्या नजरेने पाहणारा विचारेल की खनिज तेलातून आलेलं पोतं दुरुस्त करत बसण्यापेक्षा ते वापरातूनच का काढू नये, आणि पऱ्हाटी प्लास्टिकमध्ये कायमची अडकवण्यापेक्षा कुट्टी करून मातीला का देऊ नये. पऱ्हाटीबद्दल हा आक्षेप मला बराचसा पटतो. जी कुट्टी करून कुजवता येते ती मातीलाच जावी, आणि भुशाची फळी फक्त दीर्घकाळ टिकणाऱ्या वस्तूंत, शेताच्या कुंपणाच्या पट्टीत किंवा गोठ्याच्या आडोशात जावी, कारण एकदा पीपीत गेलेला भुसा परत वेगळा होत नाही. पोत्याबद्दल मात्र तो पटत नाही. युरिया ओल ओढून घेतो. पन्नीशिवाय तो शेतकऱ्याच्या घरी दगड होऊन पोहोचेल. पोतं काही वर्षं तरी राहणार, तर ते एकापेक्षा जास्त वेळा कामी आणणं कुमारप्पांच्या काटकसरीशी विसंगत नाही.

मर्यादा एक आहे आणि ती कंपॅटिबिलायझरच्या हातची नाही. उन्हात पडलेल्या पोत्यातल्या पीपीच्या साखळ्या तुटून आखूड होतात. आखूड साखळी सीमेवर गुंतू शकत नाही, आणि तिथे कितीही चांगला सहबहुलक घातला तरी त्याला धरायला काही उरत नाही. बोटांत चुरगळल्यावर पूड होणारं पोतं म्हणूनच मिश्रणात घेऊ नये. ते भट्टीलाच जावं. त्याउलट सावलीत ठेवलेलं पोतं पुन्हा पुन्हा वितळवता येतं, फक्त प्रत्येक फेरीत थोडं स्थिरक घालावं लागतं, आणि आधी घातलेला कंपॅटिबिलायझर पुढच्या फेरीतही काम करत राहतो. हा फरक ओळखायचा तर दाण्याच्या पोत्यावर एमएफआयबरोबर तो कोणत्या तापमानाला घेतला हे, आणि तुटेपर्यंतचं ताणणं आणि आयझॉडचा आकडा, ही माहिती छापली गेली पाहिजे. या चाचण्यांसाठी फार लांब जावं लागत नाही: चंद्रपूरला सिपेट या प्लास्टिक तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र आहे आणि नागपूरला 1942 पासूनची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था. जिल्ह्यातल्या दाणा पाडणाऱ्यांनी एकत्र येऊन प्रत्येक खेपेचा एक नमुना तिथे पाठवला तर त्याचा खर्च किलोमागे नगण्य पडेल, आणि भंगारवाल्यालाही उन्हात जळलेलं पोतं आणि सावलीतलं पोतं यांचा भाव वेगळा लावता येईल.